घरटी एक माणूस

माझ्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यावं आणि उरलेल्यातलं पावभर ठेवावं, असा आमच्या गावात रिवाज आहे. मी पंधरा वर्षांचा असताना घरामागच्या तळ्यात एक जिताडा पकडला होता. तो एवढा मोठा, की त्याचं डोकं आमच्या चुलीवर शिजत होतं तेव्हा शेपूट अजून तळ्यात पाणी उडवत होतं. ही गोष्ट मी उरणला ट्रेलरच्या यार्डात, गाड्या नंबराला लागल्या की, हजार वेळा सांगितली असेल. पंजाबचे ड्रायव्हरसुद्धा चहा थंड होऊ देऊन ऐकायचे. खरं सांगायचं तर मासा दोन किलोचा होता. आणि पकडला शेजारच्यानं होता.

आता जे सांगणार आहे ते मात्र होतं तेवढंच सांगतो. त्यातलं सोडून देण्यासारखं काही नाही.

आमचं गाव खारेपाटात, अलिबाग आणि पेण यांच्या मधोमध, खाडीला चिकटून. गावाची सगळी भातशेती भरतीच्या पाण्याच्या खाली. म्हणजे भरती आली की मासे आमच्या डोक्यावरून पोहत असतात, मध्ये मातीचा बांध आहे म्हणून अंगावर पडत नाहीत एवढंच. हा बांध कुणी घातला ते कुणाला ठाऊक नाही. माझा आजा सांगायचा की त्याच्या आजानं घातला, आणि आजाच्या आजाला विचारलं असतं तर त्यानंही हेच सांगितलं असतं. थापा मारणं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे.

बांध मातीचा, त्यामुळे तो फुटतो. खेकडे त्याला भोकं पाडतात, उधाणाची लाट ती भोकं मोठी करते आणि एखाद्या अमावास्येला बांधाचा तुकडाच वाहून जातो. त्याला आम्ही खांड पडली म्हणतो. खांड पडली की घरटी एक माणूस बांधावर गेला पाहिजे, फावडं किंवा घमेलं घेऊन. या एकत्र कामाला जोळ म्हणतात. सरकारी माणूस, ठेकेदार, कागद, काही लागत नाही. लागतो फक्त देवळाच्या पायरीवर बसणारा म्हातारा.

हा म्हातारा बांधाचा जाणकार. त्याच्या आधी त्याचा बाप होता. पायरीवर बसून तो एकेका घराला हाक द्यायचा. माणसाच्या नावानं नाही, घराच्या जागेवरून. वडाकडलं घर? हाय. जोत्यावरलं घर? हाय. चिंचेखाललं? हाय. आवाज आला की तो एक बोट मिटायचा. सगळी घरं झाली की किती माणूस आला ते मोजायचा आणि तेवढ्या माणसांत होईल तेवढंच काम काढायचा. पन्नास आवाज आले तर खांड आठवड्यात बुजेल, तीस आले तर दोन आठवडे लागतील, वीसच आले तर खांडेला हात लावू नका, अलीकडचा आतला बांध उंच करा, बाहेरची शेतं खाडीला गेली समजा. त्याचा हिशेब माझ्या माहितीत कधी चुकला नव्हता. लहानपणी मला वाटायचं, समुद्रच त्याला विचारून आत येतो.

मग घरं राहिली आणि माणसं गेली. एकदम नाही. चिंचेखालचे थळला कारखान्यात ठेक्यावर लागले आणि तिकडेच खोली घेऊन राहिले. भजनवाल्यांचं घर, जिथे सगळे पेटीच्या सुरात भांडायचे, ते पनवेलला गेलं. दर्ग्याजवळच्या घरातले चारही भाऊ कुवेतला, तेव्हापासून त्या घराला कुवेतवाल्यांचं घर म्हणतात. वडाकडल्या घरात एकटा म्हातारा होता, जन्मभर खोकणारा, त्याला मुलानं कामोठ्याला नेलं. मी उरणला गेलो तो सगळ्यांत आधी, दोन वर्षांत परत येतो असं सांगून. त्याला आता एकोणीस वर्षं होतील. शाळेच्या व्हरांड्यात सुकट वाळत घालतात. गावात शेवटचं बारसं ज्याचं झालं ते पोर आता मिशीला तूप लावतंय, तेही पनवेलला.

राहिले ते म्हातारे, विधवा, आणि ज्यांना कुठेच कुणी बोलावलं नाही असे दोन-तीन बाप्ये. रेशनच्या तांदळावर आणि खाडीतल्या निवट्यांसारख्या मासळीवर त्यांचं चालायचं. तरी बांध सगळ्यांचा होता, आणि जाणकार म्हातारा अजून पायरीवर बसून सगळ्या घरांना हाक द्यायचा, गेलेली माणसं जोळापुरती तरी गावात येतात असं धरून. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. पाऊस संपला की ऑपरेशन करू असं मुलगा म्हणायचा, कुठला पाऊस ते म्हणत नव्हता.

एका वर्षी मी गावात असताना बांधाला थोडी माती लावायची होती, किरकोळ काम. म्हाताऱ्यानं हाक दिली, “वडाकडलं घर?” कुणी बोललं नाही. त्यानं मान वर करून कान तिकडे वळवला आणि पुन्हा विचारलं. पुन्हा काही नाही. तो थांबला. मुलाला स्टँडवर घ्यायला आलेला बाप जसा गाडी गेल्यावरही थांबतो, तसा. ते मला बघवलं नाही. मी घसा खाकरला, वडाकडल्या म्हाताऱ्याचा तो तीन हिसक्यांचा खोकला काढला, आणि त्याच्या आवाजात म्हणालो, “हाय.”

म्हाताऱ्याचं तोंड सैल झालं. बोट मिटलं. बाकीचे पंचात तोंड खुपसून हसत होते.

तिथून ते सुरू झालं. मला आवाज काढता येतात, आणि हे मी वाढवून सांगत नाही, यार्डात मी आरटीओच्या साहेबाचा आवाज काढून एक रांग हलवली होती. जोळाला मी उरणहून यायचो, आणि दर वेळी देवळापुढच्या मोकळ्या जागेत फिरत राहायचो, कधी वडाच्या बाजूला, कधी दीपमाळेमागे, आणि रिकाम्या घरांचे आवाज देत जायचो. भजनवाल्यांचा घोगरा. चिंचेखालच्याचा नाकातला. कुवेतवाल्यांच्या थोरल्याचं ते जरा वाकून म्हटलेलं “हाजिर हाय, चाचा”. लोक त्यासाठीच लवकर यायचे. बायका पदराआड हसायच्या आणि नंतर एखादी डोळे पुसायची, कारण चिंचेखालचा आवाज तिनं सहा वर्षांत ऐकलेला नसायचा. कामं किरकोळ होती. नुकसान काही नव्हतं. निदान मी तसंच समजत होतो.

मागच्या साली आषाढी अमावास्येच्या उधाणात खांड पडली. वीस हात रुंद. मला गावातून फोन आला तसा टेम्पो काढून मी निघालो.

देवळाशी पोचलो तर टोकाच्या घरची काकी माझीच वाट बघत उभी होती. ही बाई विधवा, मूल नाही, सगळं गाव तिला काकी म्हणतं. बाप्यांच्या जोळात पहिल्यांदा बाईचा आवाज आला तो तिचा. नवरा गेल्यावर म्हाताऱ्यानं टोकाच्या घराला हाक दिली तेव्हा ती घमेलं घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, हाय. तिचं दहा गुंठ्यांचं शेत आतल्या बांधाच्या अगदी आत होतं. आठच दिवसांपूर्वी आवण, म्हणजे भाताची रोपं, लावून झालेलं. त्या भातावर तिचं वर्ष निघायचं, रेशनच्या रांगेत तिला कुणी कधी बघितलं नव्हतं.

ती सगळ्यांना एकच सांगत होती, मलाही सांगितलं. “बाला, खांडंच्या नादाला लागू नका. आतल्या बांधावर दोन हात माती पडली तर माझं भात वाचतंय.”

मी म्हटलं, काकी, तू चिंताच करू नको, तुझ्या भाताला मी स्वतः मिठी मारून बसतो, खाडीला माझ्या अंगावरून जावं लागेल. ती हसली. माझ्या बोलण्यावर हसायची तिला सवय होती.

मग म्हाताऱ्यानं हाक सुरू केली. आम्ही अकरा जण होतो. मी आज गप्प राहायचं, असं मनाशी ठरवलं होतं का? नाही. तसं ठरवायचं डोक्यातच आलं नाही. “वडाकडलं घर?” ऐकल्यावर सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले, आणि माझा खोकला आपोआप बाहेर आला. मग दुसरं घर, मग तिसरं. त्या दिवशी मी रंगात होतो. ज्या घरांना कधीच आवाज दिला नव्हता त्यांनाही दिला. एका घराला मी बापाचा आणि मुलाचा असे दोन आवाज दिले, म्हाताऱ्यानं दोघांना धरलं.

“एकतीस,” तो म्हणाला. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण चेहरा असा उजळला की जणू त्याच्या तरुणपणचा जोळ समोर उभा आहे. “एकतीस माणूस हाय. मंग आतल्या बांधाला कशाला हात लावायचा? खांडच बुजवू. समदी शेती वाचंल.”

हसणं थांबलं.

इथे मी तोंड उघडायला हवं होतं. दोन शब्द पुरे होते. काकी माझ्याकडे बघत होती, आणि जोत्यावरल्यानं माझ्या कानाशी येऊन हळूच विचारलं, आता रं? मला सगळ्यांसमोर त्या म्हाताऱ्याला सांगायची लाज वाटली. म्हणून मी दुसरी थाप मारली, पहिलीपेक्षा मोठी. म्हटलं, घाबरू नका, उरणच्या यार्डातून माझी वीस पोरं येतायत, उद्या सकाळी टेम्पो भरून, सगळी पैलवान आहेत. आणि लोकांनी ते मानलं. मी नेहमी वाढवून सांगतो हे त्यांना ठाऊक होतं. विसातली दहा तरी येतील, असा त्यांनी आपला हिशेब केला असावा.

यार्डातून दोघं आले. एकाचा पाय कालवाच्या शिंपल्यानं कापला तसे दुपारी दोघंही गेले. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी खांडेचा फोटो टाकला, त्यावर कितीतरी जणांनी जोडलेले हात पाठवले.

खांड कशी बुजवतात ते सांगतो. दोन्ही बाजूंनी लाकडाच्या मेढी ठोकायच्या, मध्ये पेंढा भरायचा, आणि अष्टमीच्या आसपास पाणी कमी चढतं त्या दिवसांत, दुपारच्या ओहोटीला, चिखलाचे गोळे टाकत जायचे. चिखल जिथून काढायचा ती जागा खांडेपासून लांब असते. म्हणून माणसांची रांग लावतात आणि गोळा हातातून हातात जातो. तीस माणसं असली की कुणाला पाऊल उचलावं लागत नाही. लहानपणी मी ती रांग बघितली आहे, चिखल जणू आपणच चालत बांधावर जातोय असं वाटायचं.

अकरा माणसांची रांग पोचत नव्हती. माझा हात पुढच्याच्या हातापर्यंत पोचत नव्हता, मध्ये चार पावलं चिखल तुडवत जावं लागायचं, गोळा द्यायचा, मागे यायचं. त्या चार पावलांत कामाचा जीव गेला. काकी माझ्या पुढे होती. पाच दिवस ती माझ्या हातातून गोळा घेत होती, आणि पाच दिवसांत मला एक शब्द बोलली नाही. मध्येच मान वळवून आतल्या बांधाकडे बघायची. त्याच्यावर एक घमेलं माती पडली नव्हती.

नारळी पौर्णिमेला दुपारी पाणी चढलं. आम्ही अर्धी बुजवलेली खांड त्यानं पेंढ्यासकट उचलली. मग ते बाहेरच्या शेतांतून सरळ आतल्या बांधाशी आलं, थोडा वेळ त्याच्या काठाला टेकून राहिलं, आणि वरून आत उतरलं. आवाज काही झाला नाही. काकी बांधावर उभी होती. लगेच काही दिसत नाही, रोपं हिरवीच असतात, पाण्यात उभी. चौथ्या दिवसापासून टोकं पिवळी पडायला लागली.

जाणकार म्हाताऱ्याला सांगितलं तेव्हा त्यानं बोटं पुन्हा एकदा मोजून बघितली. मग म्हणाला, एकतीस माणूस असून खांड बुजली न्हाय, म्हंजी माझा हिशेब चुकला. मी आता हाक देणार न्हाय. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर बसलो होतो. मी उठलो, टेम्पो चालू केला आणि उरणला गेलो. यार्डात कुणीतरी जिताड्याची गोष्ट सांग म्हणालं. सांगितली. लोक हसले.

शेतात मीठ बसलं की दोन-तीन पावसाळे तरी भात येत नाही. काकी आता नागावला एका होमस्टेमध्ये भाकऱ्या भाजायला जाते. शनिवार-रविवार राहते तिथेच. दिवाळीत मी तिच्याकडे तांदळाचं पोतं घेऊन गेलो. तिनं घेतलं, उंबऱ्याच्या आत ठेवलं, चहा दिला. मग तीच बोलली. तिकडचे पाहुणे विचारतात, मावशी, हे तांदूळ तुमच्या शेतातले का? मालकीणबाईनं सांगून ठेवलंय की हो म्हणायचं, लोकांना आवडतं.

“मंग मी सांगते, आमच्याच शेतातलं. वर आनखी सांगते, पहाटे उठून मीच कांडलं.” तिनं कप उचलला. “तुझ्याकडनंच शिकले, बाला.”

ती रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

यंदा वैशाखात मला पुन्हा बोलावणं आलं. बाहेरच्या शेतांत आता तिवरांची खारफुटी उगवली आहे, ती शेतं गेलीच. पण आतला बांध उंच केला नाही तर पुढचं उधाण घरांपर्यंत आणि गोड्या विहिरीपर्यंत येणार. आणि काकीच्या शेतातलं मीठ पावसानं धुतलं जायचं असेल तर नवं खारं पाणी आत येता कामा नये. म्हातारा हाक द्यायला तयार नव्हता. काकीनं त्याला हाताला धरून देवळात आणला.

“वडाकडलं घर?” तो म्हणाला.

मी दात दाबून धरले. सगळे माझ्याकडे बघत होते, या वेळी हसायला नव्हे. तो थांबला, कान वळवला, पुन्हा विचारलं. मग पुढच्या घराकडे गेला. कुवेतवाल्यांचं घर, काही नाही. भजनवाल्यांचं, काही नाही. किती वेळ लागला त्या घरांना. मी विहिरीवरल्या घरचा, माझी हाक आली तेव्हा मी माझ्या आवाजात हाय म्हणालो, तो मलाच ओळखू आला नाही.

“नऊ,” तो म्हणाला. “मागल्या साली एकतीस होते. येका वर्षात येवढे गेले?”

काकी माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, “सांग.”

“आजा, मागल्या साली अकराच होते,” मी म्हाताऱ्याला म्हणालो.

“मंग बाकीचे कोन?”

“मी.”

त्यानं तोंड माझ्याकडे वळवलं. “वडाकडला?”

“मीच.”

“कुवेतवाला?”

“तो पन मीच, आजा.”

तो मला मारेल असं वाटलं. मारावं असंही वाटलं. तो कितीतरी वेळ मिटलेली बोटं एकेक करून उघडत बसला. मग म्हणाला, “खोकला बराबर काढलास. मना वाटलं, अजून हाय तो.” आणि काकी जिथे असेल असं त्याला वाटलं तिकडे वळून त्यानं विचारलं, “काय गो, तुला ठावं होतं?”

“व्हय.”

“मंग बोलली का न्हायस?”

काकी म्हणाली, “समदे हसत होते. मी पन हसले.”

म्हाताऱ्यानं मान हलवली. बोटं सगळी उघडी होती. त्यानं पहिल्यापासून हाक सुरू केली, या वेळी फक्त ज्या घरात माणूस आहे त्याच घरांना. जोत्यावरलं घर? हाय. टोकाचं घर? हाय. दुकानाचं? हाय. प्रत्येकाला एक बोट. विहिरीवरल्या घराची पाळी आली तसं मी तोंड उघडलं. त्यानं ते घर घेतलं नाही. पुढच्या घराला हाक दिली.

“आठ,” तो म्हणाला. मग आठ माणसांनी कुठून कुठवर माती टाकायची, किती उंच, रोज किती, सगळं त्यानं सांगितलं. सांगताना तो पुन्हा पहिल्यासारखा झाला होता.

मी घमेलं उचललं आणि रांगेच्या शेवटी उभा राहिलो. कुणी हो म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. काकीनं पहिला गोळा दिला तो माझ्याच हातात दिला, कारण पुढे तीच होती आणि मागे मीच होतो.

संध्याकाळी आम्ही देवळाशी परत आलो. म्हाताऱ्यानं किती काम झालं विचारलं. जोत्यावरल्यानं हात मोजून सांगितले. म्हाताऱ्यानं मनातल्या मनात काहीतरी जुळवलं आणि कपाळाला आठी घातली.

“आठ माणसांच्या मानानं जास्ती झालंय,” तो म्हणाला. “आनखी कोन होतं?”

कुणी बोललं नाही. मी त्याच्यापासून चार हातांवर उभा होतो, कोपरापर्यंत चिखल. मीही बोललो नाही.